घरातील द्वाड मूल आणि त्याची भावंडे

(पालक मेळाव्यातील भाषणाचा गोषवारा)



तीन-चार भावंडांत एखादे मूल द्वाड निघते आणि पाहता पाहता सारे घर त्या एकाभोवती फिरू लागते. उरलेली मुले ‘गुणी’ ठरतात, म्हणजे त्यांच्याकडे कोणी पाहत नाही.

कोलकात्याच्या दत्त कुटुंबाचेच पाहा. वडील विश्वनाथबाबू वकील, घर मुलाबाळांनी भरलेले. १८६३ साली जन्मलेला नरेंद्र, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, इतका अनावर की त्याच्यासाठी दोन दाया ठेवाव्या लागल्या, असे चरित्रकार सांगतात. बहिणींची खोडी काढायची आणि त्या मागे लागल्या की उघड्या गटारात उतरून वाकुल्या दाखवायच्या! शंकराजवळ पुत्र मागितला, तर त्याने आपल्या गणांतला एक धाडला, असे भुवनेश्वरीदेवी म्हणत. संताप आवरेनासा झाला की त्या त्याच्या डोक्यावर गार पाणी ओतीत आणि शिवाचे नाव घेत.

एकदा नरेंद्र आईला उद्धटपणे बोलला. वडिलांनी आवाज चढवला नाही. त्याचे मित्र येत त्या खोलीच्या दारावर त्यांनी कोळशाने लिहून ठेवले, की नरेंद्रबाबू आज आपल्या आईला असे असे बोलले. मित्रांदेखत फजिती करण्याचा हा उपाय मी आज कोणास सुचवणार नाही. कोवळे मन त्याने दुखावते. परंतु त्या दारावर काय नव्हते, तेही पाहा. ‘तू वाईट’ असे नव्हते आणि कुणा भावंडाचे नावही नव्हते. लिहिले होते ते केवळ घडलेले कृत्य.

आपल्याकडे मात्र ‘ताईकडे बघ जरा’ हे वाक्य उठता-बसता ऐकू येते. त्याने धाकट्याच्या मनात ताईविषयी अढी बसते. आणि ताईला कळते, की आपला मान भावाच्या वाईटपणावर उभा आहे. मग त्याने सुधारावे, असे तिला तरी का वाटावे?

नियम सर्वांस सारखा असावा, कानउघाडणी एकांतात व्हावी. मुलाचा चंचलपणा घरात आणि शाळेत, दोन्हीकडे हाताबाहेर जात असेल तर तज्ज्ञ डॉक्टरांकडे जावे. त्यात कसली आली नामुष्की?

शांत मुलासाठी मात्र रोजची पंधरा मिनिटे राखून ठेवा, केवळ त्याची. शेजारच्या खोलीत दुसऱ्याने कितीही आदळआपट केली तरी ती मोडायची नाहीत.