तेंदूचा हंगाम आणि मे महिन्याचे ऊन

(हितचिंतकांच्या मार्चमधील सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कामाचा अहवाल छापून तुमच्या हातात दिला आहे, तो मी वाचून दाखवत नाही. आज मार्च चालू आहे. थोड्याच आठवड्यांत गडचिरोलीच्या जंगलात तेंदूपत्त्याचा हंगाम लागेल, म्हणून आज मी उन्हाविषयीच बोलणार आहे.

तेंदूची पाने मे महिन्यातच तोडायची असतात. सत्तर पानांचा एक पुडा. गोंड, माडिया कुटुंबे पहाटे अंधारात निघतात, दहा-अकरापर्यंत पाने तोडतात, घरी सावलीत बसून पुडे बांधतात आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे खरेदीच्या ठिकाणी, नेऊन मोजून देतात. अनेक घरांना वर्षातला सर्वांत मोठा रोख पैसा याच काही दिवसांत मिळतो. खरिपाचे बियाणे त्यातूनच येते आणि मुलांच्या वह्याही त्यातूनच. त्यामुळे 'उन्हात बाहेर पडू नका' हा सल्ला तिथे कोणाच्या कामाचा नाही.

पूर्वजांनी बांधून दिलेली ही वेळ शहाणपणाची आहे. पण चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे वाघाच्या हल्ल्यांमुळे माणसे अंधारात जंगलात शिरायला घाबरतात आणि उजाडल्यावर निघतात. वाघाला टाळायचे तर ऊन गाठते. शिवाय पुडे फळीवर पोचले की काम संपत नाही. ते उघड्या मैदानात दिवसेंदिवस वाळत घालतात, उलटवतात, मग पोत्यांत भरतात. तिथे भरदुपारी उभे राहणारे मजूर सर्वांत जास्त धोक्यात असतात, आणि त्यांची आठवण कोणाला होत नाही.

आपण बातम्यांत ४५ अंश ऐकतो. तो आकडा हवेशीर पांढऱ्या पेटीत, सावलीत ठेवलेल्या तापमापकाचा असतो. मैदानात, वाकलेल्या पाठीवर पडते ते याहून कितीतरी जास्त. आपले शरीर ३७ अंशांवर चालते आणि घाम वाळल्यानेच थंड होते. पाणी कमी पडले, हवा कोंदट झाली, कष्ट थांबले नाहीत, की आतला ताप ४० च्या पुढे जातो. मग मेंदू, मूत्रपिंडे, यकृत एकेक करून कोलमडतात. याला उष्माघात म्हणतात.

उष्माघाताची खूण कशी दिसते ते नीट ऐका. माणूस झोकांड्या देतो, असंबद्ध बोलतो, चिडतो, भलत्याच दिशेला चालू लागतो. बघणारे काय म्हणतात? 'मोहाची घेतली असेल.' त्याला तसाच पडू देतात. एका फळीवर मी हे डोळ्यांनी पाहिले. चाळिशीचा मजूर मैदानाच्या कडेला पडलेला, आणि चारजण हसत होते. एक म्हातारी आजी तेवढी पुढे झाली, त्याच्या कपाळाला हात लावला आणि ओरडली, 'अरे, तवा झालाय याचा!' तिनेच घागर उपडी केली. आम्ही सावलीत ओढला, सदरा काढला, मान, काखा, जांघा भिजवल्या आणि दोघे टॉवेलने वारा घालत राहिलो. १०८ ची गाडी यायला बराच वेळ लागला. गाडीत चढवताना त्याने स्वतःचे नाव सांगितले. तो वाचला.

आधी थंड करा, मग हलवा, हे आम्ही प्रत्येक गावात सांगतो. बेशुद्धाच्या तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जाते. तापाची गोळी या तापावर चालत नाही. घाम येतो आहे म्हणजे उष्माघात नाही, असेही समजू नका. कष्टकऱ्याला घामाने निथळतानाही तो होतो. आमचा जिल्हा हिवतापाचा, त्यामुळे प्रत्येक ताप 'मलेरिया' ठरतो. रक्त जरूर तपासा, पण अंग भिजवल्यानंतर. आणि ज्यांना सिकलसेल आहे, त्यांच्या शरीरातले पाणी घटले तरी असह्य दुखणे सुरू होते. अशा मुलांना त्या दिवसांत फळीवर पाठवू नये.

२ राजे, चौथा अध्याय तुम्हाला ठाऊक आहे. शूनेमच्या बाईचा मुलगा कापणीच्या शेतात बापाकडे गेला, डोके दुखते म्हणाला, आणि दुपारी आईच्या मांडीवर गेला. शास्त्रात आजाराचे नाव नाही, पण अनेक अभ्यासक ते ऊन लागल्याचेच मानतात. मला त्या बापाचे वागणे ओळखीचे वाटते. कापणी थांबली नाही, पोराला आईकडे पाठवून दिले. त्या घरी अलीशा आला. आमच्या पाड्यावर आधी पाण्याची घागर यावी लागते.

सरकारी पत्रके 'ताक प्या' म्हणतात. माडिया घरांत गाय दुभण्याची रीत पूर्वापार नाही, ताक कुठले? त्यांच्याकडे आंबील आहे, वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात गार राहणारी. ती उत्तम. सोबत एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. खिशातल्या कांद्याने काही बिघडत नाही, पण तो खिशात ठेवून उपयोग नाही, आंबिलीबरोबर खावा!

आता थोडे तुमच्याकडे वळतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानात मोठा समारंभ झाला आणि उन्हाने १४ माणसे गेली. पारा तिथे चाळिशीलाही पोचला नव्हता; पण समुद्राकाठची दमट हवा, तासन्‌तास बसणे, डोक्यावर छप्पर नाही. आपली उन्हाळी शिबिरे, संडेस्कूलच्या सहली, पत्र्याच्या मांडवातल्या सभा याच महिन्यांत असतात. त्या सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर घ्या, अशी माझी पाळकमंडळींना विनंती आहे. पहिल्या बाकावरच्या आजीआजोबांना तहान लवकर कळत नाही, त्यांना विचारत बसू नका, हातात पेला द्या.

आणि एक, राग मानू नका. दरवर्षी तुम्ही प्रेमाने कपड्यांची गाठोडी पाठवता. त्यांत निम्म्याहून जास्त पॉलिस्टरचे सदरे आणि नायलॉनच्या साड्या असतात. मे महिन्यात ते अंगावर घालणे म्हणजे शिक्षा आहे. या वेळी जुनी सुती लुगडी, धोतरे, पंचे, चादरी द्या. विटलेली, ठिगळ लावलेली चालतील. डोक्याला बांधायला, भिजवून मानेवर ठेवायला आणि झाडाखाली बाळाची झोळी करायला त्यांचाच उपयोग होतो. फळीवर जांभळाच्या फांद्यांचा मांडव गावकरी स्वतः घालतात, ताडपत्रीपेक्षा तो गार असतो. रांजण मात्र विकत घ्यावे लागतात. प्रत्येक फळीला दोन. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आमची गाडी इथून निघेल, तोपर्यंत गाठोडी चर्चच्या कार्यालयात आणून ठेवावीत.