वसईची घंटा
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपली भीमाशंकरची सहल झाली तेव्हा शनिमंदिरासमोर दोन जाड दगडी खांबांत टांगलेली थोरली घंटा सर्वांनी पाहिली. तिच्यावर १७२९ साल आहे. ती वसईच्या ख्रिस्ती लोकांची, असे कळताच एक बाई हळूच म्हणाल्या, "मग आपण ती वाजवावी का?" त्या प्रश्नासाठीच मी आज उभी आहे.

चिमाजी आप्पांनी मे १७३९ मध्ये वसई घेतली. तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठे मंडळींनी आणून निरनिराळ्या देवळांना दिल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावरची घंटा १७२१ सालची. घरात कोणी खणखणीत आवाजाची असली की नाशिककर तिला नारोशंकराची घंटाच म्हणतात! वाईजवळ मेणवलीला, नाना फडणविसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर आहे ती १७०७ ची. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू कोरलेले आहेत. टांगणाऱ्यांना ते दिसले नसेल काय? कानशीने घासून टाकायला कितीसा वेळ लागला असता? पण कोणी घासले नाही. त्या बाईंना माझे उत्तर हेच.

मात्र घंटेचे काम बदलले. देवळात आपण हात वर करून एक टोल देतो, तो देवाला आपण आल्याचे कळवायला. चर्चची घंटा उंच मनोऱ्यात असते, खालून दोर ओढून वाजवतात. ती गावाला हाक मारते. सकाळ, दुपार, संध्याकाळ प्रार्थनेची, आणि कोणी वारले तर सावकाश एकेक टोल. घरोघरी घड्याळे नव्हती तेव्हा तिथल्या बायकांची चूलही तिच्याच आवाजावर पेटत असेल.

वसईच्या किल्ल्यात १६०१ साली पुन्हा बांधलेले सेंट जोसेफचे मुख्य चर्च आहे. छप्पर केव्हाच गेले, भिंती आणि मनोरा तेवढे उभे आहेत. वसईच्या विजयाचा अभिमान मलाही आहे, पण तो रिकामा मनोरा पाहून जीव हळहळतो, हेही सांगते.

पुढची सहल तिकडेच न्यावी, अशी माझी सूचना आहे. डोंबिवलीहून दिव्याला जाऊन वसईची गाडी धरावी. मनोऱ्यात गोल दगडी जिना आहे. चढू देत असतील तर बॅटरी जवळ असू द्या आणि निऱ्या जरा वर खोचा, आत अंधार असतो.