केगमधला गॅस आणि अष्टमीची रात्र

मी पुण्याचा, धंदा बिअर बनवण्याचा. २००९ साली पुण्यात डुलाली सुरू झाली तेव्हा मी कॉलेजात होतो. पुढे याच कामात शिरलो आणि नोकरीने कोलकात्याला आणून सोडलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या हॉजसनची बिअर आफ्रिकेला वळसा घालून, पिंपांतून याच शहरात यायची. त्या पिंपांत जिवंत यीस्ट असायचं, गॅस तेच तयार करायचं. आम्ही मात्र सिलिंडरमधून भरतो.

आंबवण संपली की बिअरमध्ये थोडाच गॅस उरतो. मग थंड टाकीत, तळाशी बारीक छिद्रांच्या दगडातून कार्बन डायऑक्साइड सोडतात. पूजेच्या आधी आमची ती एकुलती टाकी कायम भरलेली. म्हणून उरलेली बिअर सपाटच ५० लिटरच्या केगमध्ये भरली आणि गॅस केगमध्येच द्यायचा ठरवला.

आता केग आतून कसा असतो ते बघा. मधोमध तळापर्यंत जाणारी एक नळी. ग्लासात येणारी बिअर तिच्यातून वर चढते आणि गॅस नळीभोवतीच्या जागेतून वरच्या रिकाम्या भागात उतरतो. म्हणजे गॅसला बिअर भेटते ती फक्त पृष्ठभागावर, ताटलीएवढ्या जागेत. तिथून खाली मुरायला आठवडा सहज जातो. केग आडवा करून हलवला तर तेच काम तासाभरात होतं.

आणि इथेच मी फसलो.

बिअर ३ अंशांवर असेल तर ११ पीएसआय दाब पुरतो. लिटरमागे साधारण ५ ग्रॅम गॅस विरघळतो, पिणाऱ्याला हवा तेवढा. तीच बिअर १२ अंशांवर असेल तर जवळजवळ २० पीएसआय लागतात. शीतखोलीच्या दारावर ३ आकडा दिसत होता, पण तो खोलीतल्या हवेचा. केग दुपारी भरलेले, आतली बिअर कोमटच. पन्नास लिटर बिअर नुसत्या गार हवेत निवायला दीड दिवस घेते. मी ११ लावले, दुसऱ्या दिवशी चाखली, सपाट. सप्तमी उजाडलेली. मी दाब ३० वर नेला, केग हलवले आणि गॅस तसाच चालू ठेवून घरी गेलो.

रात्रभरात बिअर थंड झाली आणि थंड बिअर गॅस अधाशासारखा पिते. अष्टमीला संध्याकाळी नळातून निव्वळ फेस. बाहेर मंडपांची गर्दी, आत टेबलं भरलेली आणि आम्ही बादल्या ओततोय. गेजवर काही चुकीचं दिसत नव्हतं, कारण गेज वरच्या रिकाम्या जागेचा दाब सांगतं. बिअरमध्ये किती मुरलंय ते त्याला ठाऊक नसतं.

तेवढ्यात आमचा मदतनीस पोरगा पाना घेऊन आला. "दादा, नळी काढून बघू?" मी ओरडलोच. दाबाखालच्या केगची कडी सैल केली तर ती नळी गोळीसारखी उडते. अशाने माणसं मेली आहेत. रिकाम्या दिसणाऱ्या केगमध्येही दाब असू शकतो. गेलेल्या बिअरचे पैसे मालकाने माझ्याकडून वसूल केले. पण त्या पोराच्या हातातला पाना मला अजून स्वप्नात दिसतो. त्याला आधी कुणी सांगायला हवं होतं? मीच.

केग वाचवायला उपाय एकच होता. गॅस बंद करायचा, कपलरची रिंग ओढून दाब सोडायचा, थांबायचं, पुन्हा सोडायचा. तेही खोलीचं दार उघडं ठेवून, कारण हा वायू हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो आणि बंद खोलीत माणूस गुदमरतो. दशमीपर्यंत तीन केग ताळ्यावर आले.

आता आम्ही केग आधी दोन दिवस नुसता थंड करतो. मग ग्लासभर बिअर काढून थर्मामीटर तिच्यातच बुडवतो. जो आकडा येईल तो खडूने केगवर लिहितो, शेजारी दाब आणि तारीख. पाना माझ्या कपाटात, कुलपात असतो.