उटीचं घोड्यांचं मैदान

उटीला जाऊन आलेल्या माणसाला बोटॅनिकल गार्डन आठवतं, तळ्यातली होडी आठवते, दोड्डाबेट्टाची थंडी आठवते. पण बस स्टँडवर उतरताच शेजारी जे भलंमोठं हिरवं मैदान लागतं, त्याकडे पाहायला बहुतेकांना सवड नसते. ते उटीचं रेसकोर्स. १८८६ पासूनचं. आज त्या मैदानाविषयी बोलायचं आहे.

घोडा हा माझ्या घरातला विषय. आमचे चुलत आजोबा नालबंद होते. बाजाराच्या दिवशी टांगेवाले त्यांच्याकडे रांग लावायचे. घोडा समोर आला की ते आधी खूर पाहायचे, तोंड नंतर. शर्यतीबद्दल मात्र घरात कडक शिस्त होती. कुराणातला ‘अल-आदियात’ हा अध्याय धावत्या घोड्यांच्या शपथेनं सुरू होतो. घोडा पळवायला आमच्याकडे कुणाची ना नाही. ना आहे ती त्यावर पैसा लावायला. हा भेद लहानपणी मला फार बारीक वाटायचा. पुढे देशाच्या सर्वोच्च न्यायालयालाही जवळपास याच जागी कीस काढावा लागला, तो भाग नंतर येईल.

आधी जमीन. निलगिरीचं हे पठार मुळात तोडा लोकांच्या म्हशींचं कुरण. उटकमंड या जुन्या नावातलं ‘मंड’ म्हणजे तोडांची वस्ती. कोइमतूरचा कलेक्टर जॉन सलिव्हन १८१९ साली डोंगरावर आला, त्याला हवा मानवली, आणि १८२० च्या दशकात त्यानं ओढे अडवून तिथं तळं करवलं. त्या तळ्याचा पसारा आजच्यापेक्षा बराच मोठा होता. पुढे तळं मागे हटत गेलं आणि मोकळ्या झालेल्या जागेवर काय काय आलं. त्यातच हे रेसकोर्स आणि हा बस स्टँड. डोंगरी गावात सपाट जमीन सोन्याच्या भावाची. ती इथं मिळाली, ती पाण्याकडून.

१८७० पासून मद्रास सरकार उन्हाळ्यात आपलं सगळं दप्तर घेऊन उटीला मुक्कामाला येऊ लागलं. गव्हर्नर आला की मागून अधिकारी, संस्थानिक, चहामळेवाले आले. या मंडळींना करमणूक हवी होती. वेनलॉक डाउन्सच्या माळावर ती शिकारी कुत्री घेऊन कोल्ह्यामागे घोडे फेकत; विलायतेत खोकड असतो, इथं कोल्ह्यावर भागवलं. शर्यतीही त्याच हौसेतून आल्या. डोंगरातली रेल्वे उटीपर्यंत पोचली १९०८ साली. म्हणजे पहिली बावीस वर्षं शर्यतीचे घोडे घाटरस्त्यानंच वर आले असणार. एप्रिलच्या मध्यापासून जूनपर्यंत हंगाम. मद्रासला ऊन सोसवेना की घोडे उटीला, असा मद्रास रेस क्लबचा शिरस्ता होता. बंगळूरचे, पुण्या-मुंबईचे घोडेही यायचे.

मी ते मैदान प्रथम पाहिलं १९९५ च्या मे महिन्यात. पहाटे धुक्यात घोड्यांना फिरवणं चालू होतं. कठड्याशी एक म्हातारे मोतद्दार उभे होते. त्यांची दखनी आणि माझ्या घरची बोली यांत फारसं अंतर नव्हतं, त्यामुळे ‘चाचा’ म्हणताच बोलणं सुरू झालं. ते सांगत होते, खालून आलेल्या घोड्याला पहिले काही दिवस ही हवा पुरत नाही. समुद्रसपाटीपासून सात हजार फुटांवर माणसाला धाप लागते, तशी त्यालाही लागते. तेव्हा त्याला नुसतं चालवायचं, खरारा करायचा, चंदी बेतानं द्यायची. हे सगळं कोण करतं? मोतद्दार. रेसच्या पुस्तकात घोड्याचं नाव असतं, त्याच्या आईबापाचं असतं, मालकाचं, ट्रेनरचं, जॉकीचं असतं, पाठीवरचं वजनही असतं. घोड्याच्या पायाशी झोपणाऱ्या माणसाचं नाव नसतं. चाचांचं नाव मीही विचारलं होतं. ते हसले आणि घोड्याचं नाव सांगितलं.

त्या वेळी खटला दिल्लीत होता. १९७४ साली करुणानिधींच्या सरकारनं तमिळनाडूत घोड्यांवरच्या पैजा बंद करणारा कायदा केला. १९८६ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांच्या सरकारनं क्लबच ताब्यात घेण्याचा कायदा केला. १२ जानेवारी १९९६ रोजी सुप्रीम कोर्टानं निकाल दिला. घोड्यांची शर्यत हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ आहे. घोड्याची जात, तयारी, जॉकीचं कसब यांवर तो ठरतो, म्हणून तो जुगार नव्हे. १९८६ चा कायदा रद्द झाला. आजोबांनी हा निकाल वाचला असता तर कौशल्याला मान डोलावली असती आणि पैजेला नकारच दिला असता.

जुगाराच्या मुद्द्यावर मैदान वाचलं, ते गेलं भाड्याच्या मुद्द्यावर. जमीन सरकारची, क्लबचा भाडेपट्टा १९७८ सालीच संपलेला. थकबाकीचा सरकारी आकडा ८२२ कोटी रुपये. क्लबचं म्हणणं अर्थातच वेगळं होतं. २१ जून २०२४ रोजी महसूल खात्याचे लोक आले आणि त्यांनी ५२ एकरांहून अधिक जागा ताब्यात घेतली. तिथं पर्यावरण उद्यान करायचं ठरलं. क्लबनं पुन्हा कोर्टाची पायरी चढली. त्याच वर्षी आपल्याकडे महालक्ष्मीच्या २११ एकरांपैकी १२० एकर जागा उद्यानासाठी घ्यायचं ठरलं. पण मुंबईत उरलेल्या जागेत घोडे धावत राहिले.

जमीन लोकांकडे जावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मूठभर लोकांच्या दोन महिन्यांच्या हौसेसाठी गावातली सगळ्यात मोठी सपाट जागा राखून ठेवायची, हे आजच्या काळात पटणारं नाही. शिवाय ही जागा मुळातली ओली. जोराचा पाऊस झाला की गावातल्या नाल्याचं पाणी आजही तिकडेच धाव घेतं. तिथं तळी खोदली तर मला आनंदच आहे. फक्त उद्यान म्हणजे फरशी, कारंजी आणि तिकीटघर, असा जो आपल्याकडचा रिवाज आहे, तो तिथं पोचू नये.

आणि तबेल्यांतली माणसं? मालकाचे घोडे ट्रकमध्ये चढले आणि दुसऱ्या गावच्या हंगामाला गेले. ट्रेनर, जॉकी त्यांच्यामागे गेले. पण हंगामापुरते हातावर पोट असलेले मोतद्दार, नालबंद, गवत विकणारे डोंगरातले लोक यांच्याशी कुणाचाच भाडेपट्टा नव्हता. त्यामुळे त्यांचा दावा कुठल्या कोर्टात लागायचाही प्रश्न आला नाही. १९९५ साली मला भेटलेले चाचा तेव्हाच साठीच्या पुढे होते. त्यांचा मुलगा त्या वर्षी बंगळूरच्या तबेल्यात लागला होता. तिथं हवा पुरते, पण खोली मिळत नाही, असं ते म्हणाले होते.