‘कुत्रं बाहेर बांधा’ म्हणजे काय?

(पारोळा येथे व्यसनमुक्तीच्या आधारगटांत काम करणाऱ्या कार्यकर्त्या मैत्रिणींसमोर केलेले भाषण)



मला विषय दिलाय ‘आधारगटाच्या बैठकीचे नियम’. ते नियम तुम्हाला पाठ आहेत. म्हणून मी अशा एकाच प्रश्नाबद्दल बोलणार आहे, ज्याचा नियम आमच्याकडे कुठे लिहिलेला नव्हता आणि ज्यावरून आमच्या गटात तीन बैठका नुसती भांडणं झाली. बैठकीला येणाऱ्या बाईनं सोबत कुत्रं आणलं तर चालेल का?

हसा, हरकत नाही. आम्हीही आधी हसलोच होतो.

आमच्या गटात एक बाई येते. ओळख पटू नये म्हणून थोड्या खुणा बदलून सांगते. शेतमजुरी करते, कापूस वेचते. अंग दुखतं म्हणून हातभट्टीची सुरू झाली आणि मग सुटेना. उपचार घेतले, दारू सुटली. पण नवऱ्यानं वर्षानुवर्षं खोलीत कोंडून मारलेलं आहे. त्यामुळे दार लावलं की तिचा श्वास अडकतो, हातपाय गार पडतात, घाम फुटतो. अशा वेळी पूर्वी ती बाटलीकडे धावायची. आता तिचा कुत्रा, साधा गावठी कुत्रा, मांडीवर पंजा ठेवतो आणि ती त्याच्या मानेत हात घालून बसते. हे त्याला तिनंच शिकवलंय. आधी हाताला थरथर सुटली की ती त्याला हाक मारायची, भाकरीचा तुकडा द्यायची. आता हाक मारावी लागत नाही. आम्ही विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “मोत्या संगे शे म्हणीसन मी आठे येस.”

या वाक्यावर आमची तीन बैठकांची भांडणं आहेत.

अशा कुत्र्यांची कल्पना काही नवी नाही. पहिल्या महायुद्धात आंधळे झालेल्या सैनिकांना वाट दाखवणारे कुत्रे तयार करण्याची शाळा जर्मनीत १९१६ साली निघाली. न्यूयॉर्कमध्ये बोरिस लेविन्सन नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाच्या लक्षात आलं, की न बोलणारी मुलं त्याच्या जिंगल्स या कुत्र्याजवळ मोकळी होतात. १९६१ साली त्यानं हे तज्ज्ञांच्या सभेत मांडलं तेव्हा त्याची टिंगल झाली. अमेरिकेत १९९० च्या अपंग हक्क कायद्यानं अशा कुत्र्याला सार्वजनिक जागी सोबत नेण्याचा हक्क दिला. तिथं कुत्रा कशासाठी हे उघड दिसत नसेल, तर दोनच प्रश्न विचारता येतात. हा कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का? आणि त्याला कोणतं काम शिकवलंय? कागद दाखवा, आजाराचं नाव सांगा, असं विचारता येत नाही. कुत्रा मोठ्या संस्थेतच शिकलेला हवा, असंही नाही. मालकिणीनं शिकवला तरी चालतो. मात्र नुसता जवळ बसून बरं वाटतं, एवढ्यावर भागत नाही. काहीतरी ठरावीक काम तो करत असला पाहिजे. मला हा भेद पटतो. लाडाचं कुत्रं कुणीही आणावं, असं मी म्हणत नाही.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचाही समावेश आहे आणि ‘वाजवी सोय’ करून देण्याचं तत्त्व आहे. विमान कंपन्यांच्या नियमांत तर शिकवलेल्या कुत्र्याला प्रवाशाच्या पायाशी बसू देण्याची तरतूदही आहे. आता आमची ही बाई विमानानं कधी जाणार! ती दोन किलोमीटर पायी येते.

आधारगटांचं म्हणाल, तर या सगळ्याचं मूळ १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’मध्ये आहे. तिथं गटात येण्याची अट एकच आहे, दारू सोडण्याची इच्छा. जात नाही, पैसा नाही, कपडे नाहीत. आणि प्रत्येक गट आपला कारभार आपण ठरवतो. म्हणजे मोत्याचा निर्णय मुंबई-पुण्याहून येणार नाही, आपल्यालाच करायचाय. पण बाईच्या वाटेत नवी अट घालताना दहादा विचार केला पाहिजे, कारण मुळात बायका येतात किती? पुरुष पिऊन रस्त्यात पडला तर चारजण उचलून घरी आणतात. बाई पिते म्हटलं की तिला घराबाहेर काढतात. पुण्याचं मुक्तांगण १९८६ साली सुरू झालं. तिथं बायकांच्या उपचारासाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग निघायला २००९ उजाडलं. पारोळ्यासारख्या गावात ती दारापर्यंत आली, हीच मोठी गोष्ट आहे.

आता ‘कुत्रं बाहेर बांधा’ या तोडग्याकडे येते. सगळ्यांना हाच सोपा वाटला. ऐकायला तो मधला मार्ग वाटतो, पण त्यात दोन्हीकडून नुकसान आहे. कुत्रा बाहेर असेल तर आत तिचा श्वास अडकल्यावर त्याचा उपयोग काय? आणि दुसरं म्हणजे, आपलं गाव केवढं? कुणाचं कुत्रं कुठं बसलंय हे गल्लीतल्या पोरांना ठाऊक असतं. दर आठवड्याला ठरल्या वेळी मोत्या त्या दाराशी बांधलेला दिसला, की ती कुठल्या बैठकीला बसलीय हे सांगायला बोर्ड लावायची गरज नाही. नाव गुप्त ठेवू, असं आपण पहिल्याच दिवशी प्रत्येकीला वचन देतो. ते वचन आपणच दोरीनं खांबाला बांधून ठेवायचं का?

पण विरोध करणाऱ्या मैत्रिणींना मी हट्टी म्हणणार नाही. एकीच्या मुलाला पिसाळलेला कुत्रा चावला होता. इंजेक्शनं संपेपर्यंत ती झोपली नव्हती. कुत्रं दिसलं की तिलाही घाम फुटतो. तिची भीती खरी आणि हिची खोटी, असं कोण ठरवणार? दोन मुस्लिम भगिनी येतात. कुत्र्याची लाळ लागली तर नमाजाआधी कपडे धुवावे लागतात आणि बैठक सुटते ती मगरिबच्या तोंडावर. हा काही लहान मुद्दा नाही. ‘आज कुत्रं, उद्या शेळी आणाल’ हा आक्षेप मात्र मला मान्य नाही. आपण तान्ही मुलं घेऊन सभांना जायला लागलो तेव्हाही लोक असंच म्हणत होते.

शेवटी आम्ही काय केलं? मोत्याला सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन रेबीजची लस टोचून घेतली आणि तारीख वहीत लिहून ठेवली. आत तो दोरीनं बांधलेला असतो, एका कोपऱ्यात, त्याच्याच पोत्यावर, आणि ती त्याच्या शेजारी. ज्या मैत्रिणीला भीती वाटते ती आधी येते आणि दाराजवळची जागा घेते, म्हणजे केव्हाही उठून जाता येईल. मुस्लिम भगिनींची सतरंजी दुसऱ्या भिंतीला. मोत्याला कुणी हात लावायचा नाही, खायला घालायचं नाही, तो कामावर आहे. गुरगुरला तर त्या दिवशी तो घरी जाईल, पण तिला एकटीला पाठवायचं नाही, कुणीतरी सोबत जायचं. नवी बाई येणार असेल तर तिला आधीच सांगायचं. आणि हे सगळं ठरताना ती बाई स्वतः चर्चेत होती. तिच्या पाठीमागं तिचा निर्णय केला नाही.

सगळं सुरळीत झालं का? नाही. भीती वाटणारी मैत्रीण दोन बैठका आली नाही. मी घरी जाऊन आले, तिसरीला ती आली. अजून ती मोत्याकडे पाठ करत नाही, नजर त्याच्यावरच असते. तसंच राहू दे.

खरी अडचण निघाली ती जागेची. ज्या सभागृहात आम्ही बसत होतो, तिथल्या कारभाऱ्यांनी कळवलं, “कुत्रं आणाल तर किल्ली मिळणार नाही, जागा बाटते.” त्याच ओट्यावर संध्याकाळी पत्त्यांचा डाव पडतो आणि सकाळी रिकाम्या बाटल्या आमच्याच बायका उचलतात. त्यानं जागा बाटत नाही! दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत, खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रा धावतो, त्यांना हात जोडून मंडळी आमच्याकडे किल्ली मागायला येतात. सध्या एका मैत्रिणीच्या मागच्या खोलीत बसतो. खोली लहान आहे, अकराजणी आणि मोत्या कसेबसे मावतात. किल्लीसाठी लेखी अर्ज दिलाय. त्यावर सह्या करायच्या असतील तर कागद माझ्यापाशी आहे, चहाच्या वेळी या. फक्त अर्जात त्या बाईचं नाव नाही आणि मोत्याचंही नाही. तेवढं सांभाळा.