कामगाराचा फावला वेळ : अग्निबाण आणि किल्ले



न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा पाडली, तेव्हापासून या व्यासपीठावर बहुधा विद्वान मंडळीच उभी राहत आली आहेत. मी विद्वान नाही. माझी शाळा सातवीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते कारखान्याच्या फाटकाबाहेर, युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या उसन्या पुस्तकांवर. त्यामुळे मी किमान वेतनावर किंवा कंत्राटी पद्धतीवर बोलेन अशी आपली अपेक्षा असणे साहजिक आहे. पण आज मी निराळाच विषय घेतला आहे. आपली कामावर जाणारी तरुण मुले रात्री संगणकावर अंतराळयाने बांधतात आणि मध्ययुगातली राज्ये उभी करतात, त्या छंदाविषयी मला बोलायचे आहे. हाही कामगारांचाच प्रश्न आहे, असे माझे म्हणणे आहे; ते पटते की नाही हे शेवटी आपण ठरवावे.

भोर तालुका आणि शेजारचा वेल्हे तालुका, ज्याला आता राजगडाचे नाव मिळाले आहे, येथली शेकडो मुले नीरा ओलांडून शिरवळला, नाहीतर खेड-शिवापूरला आणि पुण्याला कामाला जातात. त्यांच्या खोल्यांवर माझे जाणे-येणे असते. एका खोलीवर लेथवर काम करणारा एक वेल्ह्याकडचा मुलगा आहे. त्याने जुना संगणक हप्त्याने घेतला आहे. पाळी सुटली, भाकरी खाल्ली, की तो त्यावर अग्निबाण जोडीत बसतो. त्याचे वडील मला म्हणाले, "भाऊ, पोरगं वाया चाललंय, जरा समजावा." समजावण्यापूर्वी पाहावे तरी, म्हणून मी त्याच्याजवळ दोन संध्याकाळी बसलो.

तो जो खेळ खेळतो त्याचे नाव 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम'. त्याची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. मेक्सिको शहरात स्क्वाड नावाची एक जाहिरातीची कामे करणारी कंपनी होती. तेथे फेलिपे फालांघे नावाचा एक ब्राझिलियन तरुण नोकरीला होता. लहानपणी तो फटाक्यांच्या बाणांना चांदीच्या कागदाची माणसे बांधून आकाशात सोडीत असे. आपल्याकडे दिवाळीत पोरे बाणाला काय काय बांधतात हे आपण जाणताच! मोठेपणी त्याला या कल्पनेचा खेळ करायचा होता, म्हणून तो नोकरी सोडावयास निघाला. तेव्हा मालकांनी त्याला हा खेळ तेथेच करू दिला. 2011 मध्ये पहिली आवृत्ती निघाली आणि 2015 मध्ये खेळ पूर्ण झाला. मध्यंतरी 2014 मध्ये खुद्द अमेरिकेच्या नासा संस्थेने त्यात सहकार्य केले.

या खेळात तयार यान मिळत नाही. इंधनाच्या टाक्या, इंजिने, पंख, पाय हे सारे सुटे भाग समोर असतात. ते आपण जोडायचे आणि उडवायचे. बहुतेक वेळा ते कोसळते. मग वजन कोठे जास्त झाले, कोणती टाकी आधी रिकामी झाली, हे शोधायचे आणि पुन्हा जोडायचे. तो मुलगा मला म्हणाला, "काका, वर जाणं अवघड नाही. बाजूला पळणं अवघड आहे." मला हे प्रथम कळले नाही. मग त्याने दाखवले. यान नुसते उंच नेले तर ते दगडासारखे खाली येते. त्याला आडवा वेग इतका द्यावा लागतो, की ते पडता पडता पृथ्वीच्या गोलाईला चुकवीत राहते. आपल्या पृथ्वीभोवती हा वेग सेकंदाला पावणेआठ किलोमीटरांच्या घरात आहे. एवढी गोष्ट मला पन्नाशी उलटल्यावर एका लेथवाल्याने शिकवली.

आणखी एक गंमत ऐका. पुढे एक यान चालले आहे आणि मागच्याने त्याला गाठायचे आहे. आपण म्हणू, वेग वाढवा. वेग वाढवला की मागचे यान वर चढते, वरची वाट लांबची, आणि ते आणखी मागे पडते! गाठायचे असेल तर आधी वेग कमी करून खाली उतरायचे, आखूड वाटेने पुढे जायचे आणि मग वर यायचे. 1965 साली जेमिनी-4 या यानातल्या अमेरिकन अंतराळवीरांनी आपल्याच अग्निबाणाचा रिकामा भाग गाठण्याचा प्रयत्न सरळ त्याच्या रोखाने केला आणि तो फसला. 16 जानेवारी 2025 रोजी आपल्या इस्रोने दोन उपग्रह आकाशात एकमेकांस जोडले. असे करणारा भारत चौथा देश ठरला. ती बातमी आपण सर्वांनी वाचली. पण त्यात अवघड काय होते हे त्या खोलीतल्या मुलाला कळले होते, कारण ते काम त्याने संगणकावर कित्येकदा फसून मग साधले होते.

या साऱ्या विद्येचा पाया कोणी घातला? रशियातल्या कालुगा या आडगावच्या एका शाळामास्तराने. कॉन्स्टँटिन त्सिओलकोव्स्की त्याचे नाव. लहानपणी तापाने त्याची श्रवणशक्ती बहुतेक गेली, शाळा सुटली आणि तो मॉस्कोच्या ग्रंथालयात बसून स्वतःच शिकला. 1903 साली त्याने अग्निबाणाचे गणित छापले. ते मी आपल्याला तोरण्याच्या भाषेत सांगतो. तोरणा चढताना प्यायला पाणी न्यावे लागते. जास्त पाणी घेतले तर ओझे वाढते, ओझे वाढले की तहान वाढते, आणि तहानेसाठी आणखी पाणी घ्यावे लागते. अग्निबाणाचे तसेच आहे. त्याच्या बुडातून वायू ज्या वेगाने बाहेर पडतो तेवढाच वेग यानाला द्यायचा असेल, तर भरलेले यान रिकाम्या यानाच्या सुमारे 2.7 पट जड हवे. दुप्पट वेग हवा तर 7.4 पट, आणि तिप्पट हवा तर 20 पट! म्हणून रिकाम्या टाक्या वाटेतच टाकून द्याव्या लागतात. ज्याची शाळा सुटली त्याची विद्या सुटत नाही, याला त्सिओलकोव्स्कीपेक्षा मोठा दाखला मला माहीत नाही.

आता दुसऱ्या प्रकारच्या खेळाकडे वळू. मध्ययुगातले राज्य उभारण्याचे खेळ पुष्कळ आहेत. 1999 साली निघालेला 'एज ऑफ एम्पायर्स'चा दुसरा भाग आजही खेळला जातो. 2009 च्या 'एम्पायर : टोटल वॉर' या खेळात तर मराठ्यांचे राज्यही चालवता येते. पण किल्ल्यांचा खेळ आपल्याला परदेशातून आणावा लागला, असे मात्र कोणी समजू नये. दिवाळीत आपल्या प्रत्येक आळीत दगड, विटा आणि गोणपाटावर चिखल लिंपून पोरे किल्ला करतात, त्यावर अळीव पेरतात, मावळे मांडतात. हा खेळ आपण कधी वाईट मानला नाही. मग मातीऐवजी पडद्यावर केला म्हणून तो वाईट कसा ठरतो?

आणि आपण तर मूळ किल्ल्यांच्याच पायथ्याशी राहतो. मुरुंबदेवाच्या डोंगरावर शिवाजी महाराजांनी राजगड बांधला आणि रायगडाला जाण्यापूर्वी तेथून सुमारे पाव शतक राज्य चालवले. 2025 च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत राजगड आहे. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या, आणि मधोमध बालेकिल्ला. एक माची पडली तरी दुसरी लढेल अशी ही मांडणी आहे. संजीवनीला तटापुढे दुसरा तट, चिलखत घातल्यासारखा. पाणी माचीवर आहे आणि बालेकिल्ल्यावरही आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात, आधी पाणी पाहावे आणि मगच गड बांधावा, असा उपदेश आहे. हे सारे नियोजनच आहे. चिखलाच्या राजगडावर सुवेळेचे नेढे करताना ज्या पोराने बोटाने भोक पाडले आणि वरचा चिखल ढासळलेला पाहिला, त्याला खडकाचे मोल पुस्तकावाचून कळते.

पडद्यावरच्या या राज्याच्या खेळात मला युनियनचा माणूस म्हणून एक गोष्ट फार बोलकी वाटली. खेळ सुरू होतो तेव्हा आपल्याजवळ फौज नसते, दोनचार गावकरी असतात. ते लाकूड तोडतात, शेती करतात, सोने आणि दगड खणतात. प्रत्येक नव्या गावकऱ्याला 50 माप अन्न लागते. गावकरी नसतील तर घोडेस्वार नाहीत आणि किल्लाही नाही. राज्य कष्टकऱ्यांच्या पाठीवर उभे राहते, हे मी पंचवीस वर्षे सभांतून ओरडून सांगत आलो. खेळ ते दहा मिनिटांत दाखवतो.

पण त्याच खेळात एक बटण आहे. कोणता गावकरी रिकामा उभा आहे तो त्या बटणाने तत्काळ सापडतो. खेळणारा ते दाबतो आणि त्याला पुन्हा कामाला जुंपतो. त्या गावकऱ्याला रात्र नाही, सण नाही, आजारपण नाही. त्याची बायकापोरे कोठे दिसत नाहीत. मी त्या मुलाला विचारले, "हे बटण तुझ्या कारखान्यात कोणाजवळ आहे?" तो हसला. म्हणाला, "सुपरवायझरजवळ!" मित्रहो, खेळ खेळावा, पण खेळाने काय दाखवले आणि काय लपवले हे ओळखून खेळावा. आमच्या बारा मावळांतला शिपाई पेरणीला शेतावर परतणारा माणूस होता. त्याला घर होते, म्हणून तर तो राज्य राखावयास लढला.

आता आपण म्हणाल, हे सारे खरे, पण पोरे मोबाइलवर पैसे घालवतात, त्याचे काय? येथे भेद केलाच पाहिजे. पैसे लावून जे खेळायचे ते खेळ नव्हेत, तो जुगार आहे. पगाराच्या दिवशी रात्रीतून पगार गमावलेली माणसे माझ्याकडे उचल मागावयास आली आहेत. 2025 च्या ऑगस्टात संसदेने पैशांच्या अशा खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, आणि त्याच कायद्याने बाकीचे खेळ वेगळे मानले. माझ्या मते आईबापांनी मुलाला तीन प्रश्न विचारावेत. यात तुझे पैसे जातात का? यात तू काही जोडतोस, बांधतोस, की नुसते बोट फिरवतोस? आणि मोडले तर का मोडले, हे तुला सांगता येते का? या तिन्हींची उत्तरे जो नीट देतो, त्याचा छंद मोडू नये. झोपेची वेळ मात्र सांभाळावी. यंत्रावर पेंगणाऱ्या माणसाचे बोट जाते, हे मी डोळ्यांनी पाहिलेले आहे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. छंदाला वेळ लागतो, आणि हा वेळ कामगाराला कोणी दान दिलेला नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1884 साली मुंबईत गिरणी कामगारांना एकत्र आणले. रविवारची सुट्टी मिळावी म्हणून सहा वर्षे खटपट केली. 1890 च्या एप्रिलात महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले, आणि त्या सभेत कामगार स्त्रियाही बोलल्या. 10 जून 1890 रोजी मालकांनी ती सुट्टी मान्य केली. आपल्या दिवाळीच्या किल्ल्याच्या, क्रिकेटच्या, भजनाच्या आणि त्या मुलाच्या अग्निबाणाच्या मागे ही सभा उभी आहे.

हा वेळ आज पुन्हा आखूड होऊ घातला आहे. 2025 च्या सप्टेंबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या रोजच्या कामाची मर्यादा 9 तासांवरून 12 तासांपर्यंत नेण्यास आणि ओव्हरटाइमची मर्यादा तिमाहीत 115 तासांवरून 144 तासांवर नेण्यास मान्यता दिली. कामगाराची लेखी संमती घ्यावी, असे त्यात म्हटले आहे. कंत्राटी पोराची संमती किती मोकळी असते हे येथे बसलेल्यांना सांगावयास नको. बारा तास यंत्रावर, दोन तास बसमध्ये, मग स्वयंपाक आणि झोप. यात त्सिओलकोव्स्की कोठे बसणार? थकलेला माणूस यान जोडीत नाही. तो आडवा पडून जे समोर येईल ते पाहतो, आणि जुगारवाल्यांना नेमका तसाच माणूस हवा असतो.

खेळ करणारेही कामगारच आहेत, हे विसरू नका. खेळ बाजारात आणण्याच्या घाईत रात्र रात्र जागणाऱ्या या मंडळींनी 2018 साली अमेरिकेत 'गेम वर्कर्स युनाइट' या नावाने संघटित होण्यास आरंभ केला. मी सांगितलेल्या यानाच्या खेळाचा दुसरा भाग 2023 मध्ये अर्धवट स्थितीत विक्रीस आला, आणि 2024 मध्ये तो करणाऱ्या सिअ‍ॅटलच्या कचेरीला कुलूप लागले. सुमारे 70 जणांची नोकरी गेली. शिरवळचा लेथवाला आणि सिअ‍ॅटलचा खेळवाला यांचे दुखणे एकच आहे.

शेवटी माझ्या तीन विनंत्या आहेत. गावच्या वाचनालयाने एक संगणक अशा छंदासाठी ठेवावा आणि जाणत्या मुलांनी लहानांना शिकवावे. दिवाळीच्या किल्ल्यांच्या स्पर्धेत सजावटीबरोबर प्रश्नही विचारावेत : पाणी कोठे, धान्य कोठून चढवले, शत्रू कोणत्या बाजूने येईल? आणि तिसरी विनंती कामावर जाणाऱ्या तरुणांना. जादा तासांच्या संमतीचा कागद पुढे आला तर तो घरी आणा, वाचा, चारचौघांना विचारा आणि मग सही करायची की नाही ते ठरवा. त्या कागदावर नुसता ओव्हरटाइम लिहिलेला नसतो. तुमची संध्याकाळही लिहिलेली असते.