छोटी सीएनसी मिलिंग मशीन घेताना
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



गेल्या सहा महिन्यांत आपल्या बॅचच्या तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. "अरे, घरात ठेवता येईल अशी छोटी सीएनसी मशीन घ्यायची आहे. कुठली घेऊ?" तिघेही निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत, तिघांनाही हाताने काहीतरी घडवायचे आहे, आणि पैसा तिघांचाही फंडातला आहे. म्हणून संयोजकांनी मला पंधरा मिनिटे दिली. तुर्भ्याच्या टूलरूममध्ये माझी तीस वर्षे गेली, तेवढ्या अनुभवावर बोलतो.

आधी थोडे मागे जाऊ. अमेरिकेत जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरच्या पात्यांचे काम करत होते. पात्याचा वळणदार आकार अचूक कापायचा, तर यंत्राला आकड्यांनी हुकूम द्यावा, ही कल्पना त्यांची. त्यातून १९५२ साली एमआयटी या संस्थेत आकड्यांवर चालणारी मिलिंग मशीन लोकांना दाखवली गेली. याच संस्थेतून १९२६ साली शंतनुराव किर्लोस्कर इंजिनिअर होऊन किर्लोस्करवाडीला परतले होते. तेव्हा खोलीभर जागा घेणारा तो मेंदू आज काडेपेटीएवढ्या बोर्डात बसतो. मेंदू स्वस्त झाला. पण लोखंड स्वस्त झालेले नाही. मशीन निवडताना हे एक वाक्य लक्षात ठेवलेत तरी माझे काम झाले.

पहिला प्रश्न मशीनचा नाही, मालाचा. तुम्ही काय कापणार? नेटवर '३०१८' नावाने मिळणारी छोटी यंत्रे तुम्ही पाहिली असतील. नावाचा अर्थ एवढाच की, ती साधारण ३०० बाय १८० मिलिमीटर जागेत काम करतात. लाकूड, अ‍ॅक्रिलिक, सर्किट बोर्ड, नावाची पाटी यांसाठी ती छान आहेत. अ‍ॅल्युमिनियमवर अगदी हलका हात चालतो. पोलादाचे नाव काढू नका. पितळ, अ‍ॅल्युमिनियम आणि अधूनमधून एमएस कापायचे असेल, तर बिडाच्या बॉडीची टेबलावरची मिलिंग मशीन बघा. तिचे वजन पन्नास-साठ किलोंच्या पुढेच असते. वजन ही इथे अडचण नसून गुण आहे. कटर धातूला भिडला की धातूही कटरला ढकलतो. बॉडी हलकी असेल तर ती थरथरते, पृष्ठभागावर लाटा उमटतात आणि कटर तुटतो.

दुसरी गोष्ट स्क्रू. टेबल सरकवणारा स्क्रू साधा लीड स्क्रू आहे की बॉल स्क्रू, हे विचाराच. साध्या स्क्रूत नटाला थोडा खेळ असतो, त्याला आपण बॅकलॅश म्हणतो. हाताने मशीन चालवणारा कारागीर एकाच बाजूने येऊन तो खेळ सांभाळून घेतो. कॉम्प्युटर मात्र गोल कापताना सतत दिशा बदलतो. मग जिथे दिशा बदलते तिथे गोलाला पायरी पडते. म्हणून धातूच्या कामाला बॉल स्क्रू घ्या.

तिसरी गोष्ट स्पिंडल. जाहिरातीत '२४,००० फेरे' असे मोठ्या अक्षरात लिहितात आणि माणूस भुलतो. गणित आपण सातवीत शिकलो तेच आहे: कापण्याचा वेग भागिले कटरचा परीघ. सहा मिलिमीटरचा कटर घ्या. अ‍ॅल्युमिनियमसाठी मिनिटाला १०० मीटर वेग धरला, तर सुमारे ५,३०० फेरे लागतात. एमएससाठी साध्या एचएसएस कटरला २५ मीटर धरले, तर जेमतेम १,३००. म्हणजे लोखंडासाठी कमी फेऱ्यांवर जोर देणारा स्पिंडल हवा. लाकडाचा राउटर स्पिंडल तिथे दम टाकतो. कोलेटही बघा. ईआर ११ मध्ये सात मिलिमीटरपर्यंतचा कटर बसतो, ईआर २० मध्ये तेरापर्यंतचा.

मोटर आणि सॉफ्टवेअरवर थोडक्यात बोलतो. साधी स्टेपर मोटर अडली तर पावले चुकते आणि कुणाला सांगतही नाही. पुढचा सगळा जॉब सरकतो. परवडत असेल तर क्लोज्ड लूप घ्या. कंट्रोलसाठी ग्रबल किंवा लिनक्ससीएनसी, आणि ड्रॉइंगसाठी फ्रीकॅड, हे सगळे फुकट आहे. ज्या मशीनला विक्रेत्याचेच बंदिस्त सॉफ्टवेअर लागते, ती जरा जपून घ्या. विक्रेता गेला की मशीन मुकी होते.

घेताना नुसता व्हिडिओ पाहून पैसे भरू नका. मॅग्नेट स्टँड आणि डायल गेज घेऊन जा. टेबल एक मिलिमीटर पुढे पाठवा, परत आणा. काटा शून्यावर येतो का बघा. मग अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्यावर चाळीस मिलिमीटरचा गोल कापायला लावा आणि व्हर्नियरने आडवा, उभा आणि दोन्ही तिरपे मोजा. चारही मापे जुळली तर पुढे बोला. विक्रेता हे करू देत नसेल, तर तेच तुमचे उत्तर.

आणि सगळे पैसे मशीनवर घालवू नका. तीनातला एक भाग बाजूला ठेवा. चांगला व्हाइस, क्लॅम्प, कटर, कोलेट, डायल गेज यांत तो संपतो. नागदेवी स्ट्रीटवर एक शनिवार फिरून या, म्हणजे अंदाज येईल.

आता वाशीबद्दल. आपण शाळेत होतो तेव्हा खाडीवर पूल होता, पण लोकल आली ती १९९२ साली. आता शहर वाढले, खाडी मात्र तिथेच आहे. दमट खारी हवा आणि चार महिने पाऊस. बिडाच्या टेबलावर रोज तेलाचा हात फिरवला नाही, तर आठवड्यात तांबेरा चढतो. शिवाय आपण राहतो सोसायटीत. मिलिंगचा आवाज मिक्सरसारखा दोन मिनिटांत थांबत नाही. एक जॉब तीन तास चालतो. खालच्या मजल्यावर कुणाची दुपारची झोप असते, कुणाची दहावी असते. धातूचा कीस चपलेला चिकटून घरभर जातो आणि नातवंडे घरात रांगत असतात. फ्लॅटमध्ये धातूची मशीन ठेवायला माझा मनापासून होकार नाही.

म्हणून माझा एक प्रस्ताव आहे. तिघांना आठवड्यातून चार-चार तासच मशीन लागणार. तिघांनी तीन हलक्या मशीन घेण्याऐवजी एक भारी घ्या आणि ती आपल्या शाळेला द्या. कार्यानुभवाची खोली तळमजल्यावर आहे, बहुतेक वेळ बंदच असते. शाळेची परवानगी लागेल, स्वतंत्र अर्थिंग लागेल, भोवती पारदर्शक पेटी आणि हाताशी लाल इमर्जन्सी बटण लागेल. मुलांना दोन नियम पहिल्या दिवशी पाठ करून घेऊ: डोळ्यांना चष्मा हवाच, आणि फिरत्या कटरजवळ हातमोजा नकोच, कारण मोजा अडकला की बोटही जाते.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात, रबाळ्यापासून तुर्भ्यापर्यंत, गाळ्यागाळ्यांत या मशीनच्या मोठ्या बहिणी चालतात. आपल्या शाळेतली कितीतरी मुले त्यांच्या दारावरून रोज बसने जातात, पण आत काय चालते ते त्यांना माहीत नसते. आठवीतल्या मुलीने कागदावर काढलेला गोल तिच्यासमोर पितळेत उतरला, तर त्रिज्या म्हणजे काय हे तिला पुन्हा सांगावे लागणार नाही. शनिवारी सकाळी मुले, दुपारी आपण. पहिले वर्षभर दर शनिवारी मी येईन, हे सरांच्या साक्षीने सांगतो.

तिघांपैकी एकाने आत्ताच मान हलवली आहे. बाकीच्या दोघांनी जेवणाच्या आधी मला भेटावे; यादी आणि खर्चाचा कागद मी बरोबर आणला आहे.